क्रूझवर जेवायला जाताना काय घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकीट काढल्यापासून चर्चा चालते ती बंदरांची आणि बाल्कनीच्या केबिनची. बॅग भरायला घेतली की मात्र घरात वाद सुरू होतो: रात्रीच्या जेवणाला काय घालायचं, आणि सूट न्यायचा की नाही. कंपन्यांच्या नियमांत याचं उत्तर असतं, पण इतक्या गुळगुळीत भाषेत, की सगळं वाचूनही हाफ पँट बॅगेत ठेवायची की बाहेर काढायची ते कळत नाही. म्हणून हे प्रश्न, लोक विचारतात त्याच शब्दांत.

हाफ पँट चालते का? हो की नाही तेवढं सांगा.

न्याहारीला आणि दुपारी जवळपास सगळीकडे चालते. बुफेमध्ये रात्रीही बहुतेक जहाजांवर चालते. अडचण आहे ती मेन डायनिंग रूमच्या रात्रीच्या जेवणाची, आणि तिथे कंपनीगणिक उत्तर बदलतं. कार्निव्हलवर साध्या रात्री नीटनेटकी, गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स चालते. 'एलिगंट', म्हणजे सजून येण्याच्या रात्री नाही. डिस्नेच्या जहाजांवर साध्या रात्री कोणी हरकत घेत नाही. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, सेलिब्रिटी आणि क्युनार्ड या कंपन्यांच्या डायनिंग रूममध्ये मात्र रात्री पूर्ण लांबीची पँट अपेक्षित असते.

व्यायामाची चड्डी, बास्केटबॉलची शॉर्ट्स आणि पोहण्याचे कपडे यांना डायनिंग रूममध्ये कुठेच जागा नाही. शॉर्ट्स चालते असं लिहिलेलं असतं तेव्हा ती ही शॉर्ट्स नव्हे.

'डायनिंग रूम' म्हणजे जहाजावरची नेमकी कोणती जागा?

निम्मा गोंधळ इथेच होतो. मोठ्या जहाजावर जेवायच्या पाच-सात तरी जागा असतात, वीस असणारी जहाजंही आहेत, आणि ड्रेस कोड सगळ्या जहाजाला एक नसतो. तो खोलीला असतो.

मेन डायनिंग रूम म्हणजे तिकिटातच जेवण धरलेलं मोठं दालन. पांढरे टेबलक्लॉथ, छापील मेन्यू, ठरलेले वेटर. काही जहाजांवर इथे ठरलेल्या वेळेच्या दोन पंगती बसतात, एक संध्याकाळी साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला. काहींवर आपल्याला हवं तेव्हा जाता येतं. फॉर्मल नाइट, म्हणजे सजूनधजून जेवायला येण्याची ठरलेली रात्र, हे जे प्रकरण असतं ते मुख्यतः याच दालनाचं.

बुफे बहुधा वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारी असतो. तिथे अंग कोरडं, अंगावर कपडा आणि पायात काहीतरी असलं की झालं. तिसरा प्रकार स्पेशालिटी रेस्टॉरंटचा: स्टेकहाउस, इटालियन, जपानी, फ्रेंच. इथे वेगळे पैसे द्यावे लागतात आणि पुष्कळदा नियमही मेन डायनिंग रूमपेक्षा एक पायरी कडक असतो. नेमकी हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. 'वर पैसे मोजतोय, आता कोण विचारणार' असं वाटतं, आणि विचारतात ते तिथेच.

याशिवाय पिझ्झाचा काउंटर, बर्गरची टपरी, पब, कॅफे आणि केबिनमध्ये मागवता येणारं जेवण. म्हणजे कपडे न बदलता सात रात्री पोटभर जेवणं सहज शक्य आहे. कोणी उपाशी राहत नाही.

हे फॉर्मल नाइटचं खूळ आलं कुठून?

अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या लायनर जहाजांवरून. विमानं नव्हती तेव्हा युरोप-अमेरिका प्रवासाला पाच-सहा दिवस लागत, आणि पहिल्या वर्गातल्या लोकांना संध्याकाळी करण्यासारखं एकच काम असे: नटूनथटून जेवायला जाणं. जहाजं बांधलीही जात ती या मिरवणुकीसाठी. 1935 साली पहिल्या सफरीवर निघालेल्या 'नॉर्मंदी' या फ्रेंच जहाजाचं पहिल्या वर्गाचं भोजनगृह सुमारे 93 मीटर लांब होतं, त्यात 700 माणसं बसत, आणि आत येताना जिना उतरून यावं लागे. सगळं दालन आपल्याकडे बघतंय अशा थाटात पायऱ्या उतरायच्या. जिन्याची योजनाच त्यासाठी होती. हे सगळं पहिल्या वर्गापुरतं. त्याच जहाजावर तिसऱ्या वर्गातली माणसं अंगावरच्या कपड्यांत जेवत होती, याची आठवण 'जुना रुबाब राहिला नाही' म्हणून हळहळणाऱ्यांना अधूनमधून करून द्यावी लागते.

त्या काळातही पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी सजत नसे, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. ही सवलत आजही टिकून आहे, आणि कारणही तेच आहे.

1958 मध्ये जेट विमानं अटलांटिकवरून प्रवासी नेऊ लागली आणि लायनरचा धंदा बसला. जहाजं उन्हातल्या बेटांकडे वळली. 1962 सालचं 'फ्रान्स' हे दिमाखदार लायनर 1980 मध्ये 'नॉर्वे' या नावानं कॅरिबियनमध्ये सहली करू लागलं. दिवसभर वाळूत लोळून आलेल्या माणसाला रात्री बो टाय बांधायला सांगणं तेव्हापासूनच अवघड होत गेलं. सन 2000 मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणलं: जेवायची वेळ ठरलेली नाही, टेबल ठरलेलं नाही, सक्तीची फॉर्मल नाइट नाही. 2015 मध्ये सेलिब्रिटीनं फॉर्मल नाइटचं नाव बदलून 'ईव्हनिंग शिक' केलं. हॉलंड अमेरिकेनं आधी 'गाला' म्हटलं, आता नुसतं 'ड्रेसी' म्हणतात. नावं पातळ होत गेली तसे सूटही कमी होत गेले.

'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे काय? कॅज्युअल आहे की नाही?

'कॅज्युअल' या शब्दाकडे लक्ष देऊ नका, 'स्मार्ट'कडे द्या. पुरुषांसाठी पूर्ण पँट, कॉलरचा शर्ट किंवा पोलो टी-शर्ट, बंद बूट. स्त्रियांसाठी ड्रेस, स्कर्ट किंवा पँट आणि बरा टॉप. टाय नको, कोटही नको. ऑफिसात साहेब येणार आहेत पण भाषण करणार नाहीत, अशा दिवशी जे घालाल ते.

'रिसॉर्ट कॅज्युअल', 'क्रूझ कॅज्युअल', 'कंट्री क्लब कॅज्युअल', 'एलिगंट कॅज्युअल' हे सगळे याचेच चुलतभाऊ. त्यातला 'क्रूझ कॅज्युअल' सगळ्यात सैल आणि 'एलिगंट कॅज्युअल' सगळ्यात ताठ, पण हे माझ्या सांगण्यावर सोडू नका. एकाच शब्दाचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा असतो, आणि त्याच कंपनीत दोन वर्षांनी बदललेला असतो. निघण्याच्या आठवड्यात आपल्या कंपनीचा ताजा नियम वाचा. मागच्या वेळी जाऊन आलेल्या मित्राची माहिती कितीही ठाम असली तरी ती मागच्या वेळची असते.

मग कुठे किती कडक आहे?

कडकपणात पहिला नंबर क्युनार्डचा. संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत नीट कपडे अपेक्षित असतात, फक्त जेवणाच्या टेबलावर नव्हे. त्यांच्या 'गाला' संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा, बो टाय किंवा टाय लावायचा; स्त्रियांनी संध्याकाळचा गाउन किंवा तसाच भारी पोशाख. 'क्वीन मेरी 2'वरून साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणारे लोक बहुधा यासाठीच जातात, त्यामुळे तिथे कुरकुर फारशी ऐकू येत नाही. आणि ज्यांना नकोच असेल त्यांच्यासाठी बुफे आणि पब ठेवलेले असतात.

प्रिन्सेस जुन्या पद्धतीचा 'फॉर्मल' हा शब्द अजून वापरते. सात रात्रींच्या सफरीत साधारण दोन अशा रात्री. प्रत्यक्षात त्या दालनात सूट, नुसता ब्लेझर आणि नुसता शर्ट-टाय असे तिन्ही शेजारी शेजारी बसलेले दिसतात. हॉलंड अमेरिकेच्या 'ड्रेसी' रात्री कॉलरचा शर्ट आणि पँट पुरते. सेलिब्रिटीची 'ईव्हनिंग शिक'ही तशीच, फक्त तिथली मंडळी हौसेनं थोडं जास्त करतात. रॉयल कॅरिबियनवर ठरलेल्या रात्री 'तुमचं सर्वात चांगलं ते घाला' एवढाच निरोप असतो, आणि प्रत्येकाचं सर्वात चांगलं वेगळं, त्यामुळे दालन बघायला मजा येते.

कार्निव्हलचा हिशोब सोपा: 2 ते 5 दिवसांच्या सफरीत एक एलिगंट रात्र, 6 दिवस किंवा जास्त असेल तर साधारण दोन. पँट आणि चांगला शर्ट असला की झालं, कोट हौसेचा. नॉर्वेजियनवर सक्तीची सजायची रात्र नाही, पण म्हणून काहीही चालतं असं नाही: तिथल्याही काही रेस्टॉरंटमध्ये रात्री पूर्ण पँट लागते, आणि पुरुषांचे बिनबाह्यांचे टी-शर्ट, फ्लिप-फ्लॉप वगैरे डायनिंग रूममध्ये नको असतात. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर फॉर्मल नाइट नाहीत. उगाच टक्सिडो नेऊन एकटे पडाल. व्हर्जिन व्हॉयेजेसवर मेन डायनिंग रूमही नाही आणि बुफेही नाही, नुसती वेगवेगळी रेस्टॉरंट आहेत, आणि कपड्यांचा नियम जवळजवळ नाहीच.

अंटार्क्टिका किंवा ध्रुवीय भागात जाणारी छोटी एक्स्पिडिशन जहाजं ही वेगळीच दुनिया. तिथे रात्रीच्या जेवणाला लोक लोकरीचे स्वेटर आणि दिवसभराच्याच पँटमध्ये येतात, आणि सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या बर्फाकडे असतं.

जीन्स?

गडद रंगाची, न फाटलेली, न विटलेली जीन्स स्मार्ट कॅज्युअल रात्री आता बहुतेक मोठ्या कंपन्या चालवून घेतात. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स कितीही महाग असली तरी दारावरच्या माणसासाठी ती फाटकी जीन्स. फॉर्मल रात्री साधी पँट न्या, विषय संपवा.

माझ्याकडे सूट नाही. घ्यावा का?

फक्त क्रूझसाठी? नको. क्युनार्डच्या गाला संध्याकाळी जायचंच असेल तर गोष्ट वेगळी. एरवी एक गडद पँट, एक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जमल्यास एक ब्लेझर एवढ्यावर जगातल्या बहुतेक फॉर्मल नाइट निघतात. टाय वजनाला काहीच नाही, ती टाका बॅगेत.

सूट नेणाऱ्यांची संख्या कमी होण्याचं खरं कारण मला फॅशनपेक्षा विमानाची बॅग वाटतं. बंदरापर्यंत विमानानं जायचं, तेवीस किलोची मर्यादा, त्यात कोट आणि बुटांचा दुसरा जोड कुठे कोंबणार? जुन्या लायनरच्या प्रवाशाबरोबर ट्रंका असत आणि त्या उचलायला हमाल. घरापासून गाडीनं बंदरावर पोचणारे लोक आजही जास्त सजलेले दिसतात, ते काही योगायोगानं नव्हे.

साध्या कपड्यांत गेलो तर खरंच परत पाठवतात?

कधी पाठवतात, कधी नाही. हे लिहायला कोणत्याही कंपनीला आवडणार नाही, पण प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. मेन डायनिंग रूमच्या दारावर पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचा बनियन किंवा अनवाणी पाय दिसले तर थांबवतात. पोलो टी-शर्ट घालून फॉर्मल रात्री गेलात तर बहुधा नुसतं हसून आत नेतात. कधीकधी जरा कोपऱ्यातलं टेबल मिळतं.

मी स्वतः परत फिरलो आहे. स्पेशालिटी स्टेकहाउस, महिनाभर आधी राखून ठेवलेलं टेबल, आणि माझ्या अंगावर माझ्या मते अतिशय सभ्य अशी गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स. दारावरच्या मुलीला मला सांगताना माझ्यापेक्षा जास्त संकोच वाटत होता. रेस्टॉरंट जहाजाच्या मागच्या टोकाला, केबिन पुढच्या टोकाला आणि आठ मजले खाली. लिफ्टची वाट बघून, पँट चढवून परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. टेबल ठेवलं होतं, पण माझ्याबरोबरच्या मंडळींनी सूप माझ्याशिवाय संपवलं होतं.

लोक नियम मोडतात आणि कोणी काही बोलत नाही. मग मीच का पाळू?

या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात. एका बाजूचं म्हणणं: सुट्टी माझी, पैसे माझे, मी काय घालून मासा खातो याच्याशी पलीकडच्या टेबलाचा संबंध काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं: वर्षभर वाट बघून आम्ही ही संध्याकाळ ठरवतो, आणि शेजारी टोपी उलटी घातलेला माणूस घामट बनियनमध्ये बसतो.

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या खोल्यांबद्दल. पहिल्या माणसासाठी जहाजावर अर्धा डझन जागा आहेत. दुसऱ्यासाठी बहुधा एकच आहे, तीही आठवड्यातून दोन रात्री. आणि झुंबर, टेबलक्लॉथ, पियानो हे कंपनी पुरवते. दालनाचा बाकी थाट पुरवतात ते आत बसलेले लोक. तो भाग कंपनीला विकत आणता येत नाही.

दारावर कोणी अडवत नाही याचा अर्थ चालतं असा घेऊ नका. तिथे उभा असलेला कर्मचारी नियम करणारा नसतो. सफर संपताना प्रवाशांकडून अभिप्राय मागवला जातो, आणि चिडलेला प्रवासी त्यात काय लिहील याची धास्ती त्याला असते. भांडण नको म्हणून तो पुष्कळदा डोळेझाक करतो. त्याला त्या पेचात न टाकणं मला तरी पँट घालण्याचं पुरेसं कारण वाटतं.

याच्या उलट, सजून आलेल्यांनी साध्या शर्टातल्या माणसाकडे बघून नाक मुरडणं हेही काही शोभेचं नाही. नियमात 'कॉलरचा शर्ट' असेल आणि त्यानं तो घातला असेल, तर तो पूर्ण नियमात आहे.

टोपी घालून बसलं तर?

बेसबॉल कॅप डायनिंग रूममध्ये बहुतेक ठिकाणी काढायला सांगतात. पगडी, हिजाब, ज्यूंची छोटी टोपी (किप्पा) किंवा आजारपणामुळे बांधलेला स्कार्फ यांचा या नियमाशी संबंध नाही.

पायात काय?

पुरुषांच्या उघड्या चपला रात्री वादाचा विषय होतात, स्त्रियांच्या सँडल सहसा होत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो जुना आहे. रबरी फ्लिप-फ्लॉप दोघांनीही डेकवरच ठेवाव्यात. पाय सुजतात, शस्त्रक्रिया झाली आहे, डॉक्टरांनी विशिष्ट बूट सांगितले आहेत, अशी अडचण असेल तर हेड वेटरला एकदा सांगून ठेवा. यावरून कोणी वाद घालत नाही. उंच टाचा आणायच्या असतील तर एवढं ध्यानात ठेवा, की जहाज हलतं, आणि फॉर्मल रात्री बहुधा समुद्रातल्या दिवशीच असतात.

म्हणजे फॉर्मल नाइट कधी असते ते आधी कळतं?

बहुतेकदा कळतं. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा रोज केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं. पहिल्या आणि शेवटच्या रात्री ती नसतेच म्हटलं तरी चालेल. जहाज दिवसभर समुद्रात असेल तो दिवस पसंत केला जातो, कारण बंदरावरून सहाला परतलेल्या माणसाला साडेसहाला टाय बांधून हजर राहणं जमत नाही. हवामान किंवा बंदर बदललं तर दिवसही बदलू शकतो.

या रात्री जहाजावरचे फोटोग्राफर जिन्याजवळ पडदे लावून उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे नाहीत, विकत घ्यायला आहेत, आणि घ्यायची सक्ती नाही. कित्येक जहाजांवर लॉब्स्टरही सजायच्या रात्रीच मेन्यूवर येतो. टाय सैल करून का होईना, पण लोक त्या रात्री का टिकून बसतात याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

पारंपरिक पोशाख चालतो का?

उत्तम चालतो. किल्ट, किमोनो, साडी, बंदगळा, सैन्यातला औपचारिक गणवेश. क्युनार्डसारख्या कडक कंपनीच्या नियमातही राष्ट्रीय औपचारिक पोशाखाला जागा आहे. सगळे काळ्या कोटात असताना तुम्हीच उठून दिसाल.

मुलांचं काय?

चार वर्षांच्या पोराच्या शर्टाला कॉलर आहे का, हे कोणी बघत नाही. स्वच्छ असलं की झालं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मात्र मोठ्यांचाच नियम लावला जातो, आणि त्या वयात ती सगळ्यात जास्त कंटाळतात. मेन डायनिंग रूमचा हट्ट न धरता त्यांना पिझ्झाच्या काउंटरवर सोडा. दोन्ही पक्ष सुखी राहतात.

थीम नाइट पाळायला लागतात का?

नाही. डिस्नेची समुद्री चाच्यांची रात्र, व्हर्जिनची लाल कपड्यांची 'स्कार्लेट नाइट', पांढऱ्या कपड्यांच्या पार्ट्या, क्युनार्डचा मुखवट्यांचा बॉल: सगळं हौसेचं. एक लाल किंवा पांढरा शर्ट नेला तर बाहेर उभं राहिल्यासारखं वाटत नाही. क्युनार्डच्या बाबतीत मुखवटा ऐच्छिक आहे, गडद सूट नाही.

जहाजावर इस्त्री मिळते का?

केबिनमध्ये नाही, आणि स्वतःची न्यायची तर मुळीच नाही. जहाजावर आगीसारखं संकट दुसरं नाही, म्हणून कपड्यांची इस्त्री आणि वाफेचं यंत्र दोन्ही बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत असतात. बॅगेत सापडलं तर काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. काही जहाजांवर स्वतः कपडे धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्री बांधून ठेवलेली असते. फॉर्मल रात्रीच्या दुपारी तिथे रांग लागते, आणि माणसांचे खरे स्वभाव त्या रांगेत कळतात. पैसे देऊन लाँड्रीकडूनही इस्त्री करून मिळते. फुकटचा उपाय म्हणजे शर्ट बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर घ्यायचा. ते छोटं बाथरूम दोन मिनिटांत वाफेनं भरतं.

पहिल्या दिवशी मोठी बॅग केबिनमध्ये पोचलीच नाही तर?

हे नेहमीचंच आहे. हजारो बॅगा बंदरावरून चढवून दारोदार पोचवायच्या असतात. काही संध्याकाळी उशिरा येतात. प्रवासाच्या कपड्यांत जेवायला जा, पहिल्या रात्री कोणी बोलत नाही. पण हातातल्या पिशवीत औषधं, एक शर्ट आणि पोहण्याचे कपडे ठेवा. बॅग विमानानंच हरवली असेल तर रिसेप्शनला कळवा. आठवडाभर तुम्हाला कुठल्याही डायनिंग रूममध्ये सांभाळून घेतील.

सात रात्रींसाठी नेमकं किती न्यायचं?

पुरुषांनी दोन पूर्ण पँटी (त्यातली एक गडद), कॉलरचे तीन-चार शर्ट, बंद बूट. वाटलं तर एक ब्लेझर, तो विमानात अंगावरच घालून या, म्हणजे बॅगेत जागा खात नाही. स्त्रियांनी एक-दोन चांगले पोशाख आणि ते बदलल्यासारखे वाटावेत म्हणून ओढण्या, दागिने. आणि सगळ्यांनी एक शाल किंवा पातळ स्वेटर. डायनिंग रूमचा एसी बाहेर कितीही उन्हाळा असला तरी थंडीच आणतो.

तोच पोशाख दोनदा घातलात तर? तुमच्या वेटरच्या लक्षात येईल. तो काही बोलणार नाही, कारण त्याच्याही अंगावर रोज तोच असतो.

एक गोष्ट नेऊ नका: सैनिकी ठिपक्यांचे कॅमोफ्लाज कपडे. याचा डायनिंग रूमशी संबंध नाही. बार्बाडोस, जमेका, सेंट लुशिया, त्रिनिदाद आणि टोबॅगो, अँटिग्वा अशा काही कॅरिबियन देशांत सामान्य माणसानं ते घालणं कायद्यानंच मना आहे, मुलांच्या टोपीवर असलं तरी.

बाथरोब घालून न्याहारीला जाता येतं का?

नाही. हा प्रश्न विनोदी वाटतो, पण तो शेवटच्या सकाळी अगदी कळवळून विचारला जातो. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या खाली जातात आणि थेट बंदरावर भेटतात. दर सफरीला कोणीतरी घडी घालायच्या उत्साहात सगळ्या पँटी आत भरतो आणि सकाळी केबिनचा पांढरा झगा गुंडाळून रिसेप्शनला फोन लावतो. बॅग तोवर हजारो बॅगांच्या खाली असते. बॅग बाहेर ठेवण्याआधी उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवा. बूटसुद्धा.